मिच्छा मि दुक्कडं

खानदेशातील जळगाव, धुळे या नगरांत जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. श्वेतांबर जैनांचे आठ दिवसांचे पर्युषणपर्व बहुधा भाद्रपद शुद्ध पक्षात संवत्सरीच्या दिवशी संपते. त्या दिवशी प्रतिक्रमण झाले, की लहानथोर सारे हात जोडून एकमेकांना म्हणतात, ‘मिच्छा मि दुक्कडं!’ पुत्र पित्याला म्हणतो, तसाच पिताही पुत्राला म्हणतो.

ऐकणाऱ्याला यात संस्कृतातील ‘इच्छामि’ हे क्रियापद असल्याचा भास होतो आणि ‘मी क्षमा इच्छितो’ असा अर्थ तो लावतो. परंतु ‘मिच्छामि’ असा एक शब्द येथे नाहीच. हे तीन शब्द आहेत व ते प्राकृत भाषेतील आहेत. ‘मिच्छा’ म्हणजे मिथ्या, ‘मि’ म्हणजे माझे आणि ‘दुक्कडं’ म्हणजे दुष्कृत. ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो, निष्फळ ठरो’, हा त्यांचा खरा अर्थ होय. त्यात ‘क्षमा’ हा शब्दही नाही. आधी आहे ती स्वतःच्या दोषाची कबुली.

हे शब्द मराठीला परके नाहीत. ‘दुष्कृत’ या शब्दातील ‘ष्क’चा प्राकृतात ‘क्क’ झाला. त्याच रीतीने ‘शुष्क’चे ‘सुक्क’ झाले व त्यापासून आपला ‘सुका’ हा शब्द आला. ‘मत्स्य’, ‘मच्छ’, ‘मासा’ ही परंपराही अशीच आहे.

आता ‘प्रतिक्रमण’ हा शब्द पाहू. ‘प्रति’ म्हणजे मागे आणि ‘क्रमण’ म्हणजे पाऊल टाकणे. मर्यादा ओलांडून गेलेल्या मनाने माघारी येणे, हे प्रतिक्रमण. गुरूसमोर दोष सांगण्याला ‘आलोचना’ म्हणतात. ‘लोचन’ या शब्दाशी तिचे नाते आहे; आपल्या वर्तनाकडे डोळे उघडून पाहणे, हा तिचा मूळ भाव.

प्रतिक्रमण रोज सकाळी व सायंकाळी, तसेच पंधरवड्याने, चार महिन्यांनी आणि वर्षाने करण्याचा प्रघात आहे. व्यापारी रोजच्या रोज रोजकीर्द लिहितो, तेव्हाच वर्षअखेर त्याचा हिशेब जुळतो. तसेच हे आहे. दोष पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर दुष्कृत तसेच राहते आणि उच्चारलेले शब्दच मिथ्या ठरतात.