तिसरा दिवा

दिवाळीत एखादी पणती विझली तर आपण ती पुन्हा लावतो आणि विसरून जातो. पण आकाशात बोराएवढा एक हिरवा दिवा लागला नाही म्हणजे जिवाचे कसे पाणी होते, ते मी एकदा अनुभवले आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी खामगावचा, विमान चालवायला शिकत होतो. दिवाळी चार दिवसांवर आली होती. सरांना शेजारी बसवून मी लोणारच्या सरोवरावर घिरटी घातली आणि अकोल्याजवळच्या शिवणीच्या विमानतळाकडे वळलो. शिकाऊंच्या साध्या विमानाची चाके कायम बाहेरच असतात. आमचे विमान मात्र पुढच्या इयत्तेचे. उडाल्यावर चाके पोटात घ्यायची, उतरताना बाहेर काढायची. तिन्ही चाके पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात. मी दांडी खाली केली. दिवे दोनच लागले. पुढच्या चाकाचा दिवा काळाच!

मी त्या दिव्याकडे टक लावून बसलो. सर शांतपणे म्हणाले, "दिव्याचे मी बघतो. तू विमान उडव."

या एका वाक्याचे मोल मला पुढे वाचनातून कळले. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाचा नेमका हाच दिवा लागला नाही. वैमानिक मंडळी त्या दिव्यात इतकी गुंतली, की विमान हळूहळू खाली उतरते आहे हे वेळेवर कोणाच्याच ध्यानात आले नाही. विमान दलदलीत कोसळले. शंभरावर माणसे गेली. चाक व्यवस्थित उघडलेले होते. जळाला होता तो नुसता दिवा!

आम्ही पुन्हा उंची घेऊन खामगावच्या बाजूला आलो. खाली कपाशी फुटून शेते पांढरी झाली होती. सरांनी दिवा काढून शेजारच्या खोबणीत बसवला. तिथे तो लख्ख लागला. म्हणजे दुखणे चाकाचेच. मग तेलाचा दाब सोडून दिला, की चाक स्वतःच्या वजनाने खाली पडावे. वेगही कमी केला, कारण आमचे पुढचे चाक वाऱ्याला तोंड देत उघडणारे होते. तरीही काही उपयोग झाला नाही.

"सर, आता?"

"घाई कसली? पेट्रोल आहे तोवर वेळ आपलाच."

मग विमानतळावर कळवले, पट्टे आवळले, दरवाजाची कडी काढून ठेवली. सरांनी विमान हाती घेतले. मागची दोन चाके अलगद टेकली. लगेच इंजिन आणि वीज बंद. नाक मात्र त्यांनी शेवटपर्यंत वर धरून ठेवले. वेग ओसरला तसे ते आपोआप खाली आले. चाक मिटले, कर्रकन आवाज झाला, पंख्याची पाती वाकली आणि विमान थांबले. आम्ही दोघे चालत बाहेर आलो.

चाकाच्या दोषाने विमान मोडते. माणसे बहुधा वाचतात. २००५ साली लॉस एंजेलिसला जेटब्लूचे प्रवासी विमान पुढची चाके आडवी वळलेली असताना उतरले. ठिणग्यांचा लोळ उठला, पण आतल्या १४६ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बारामतीला एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक निखळले. त्यातला शिकाऊ वैमानिकही सुखरूप राहिला. जिवावर बेतते ते एका बारीक बिघाडात सगळे चित्त अडकले म्हणजे. संसारातही असेच नाही का होत? आपण विझलेल्या दिव्याकडे पाहत राहतो आणि हातातली दांडी सुटते!

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई चकल्या तळत होती. "आज उशीर रे?" तिने विचारले.

"काही नाही, उतरताना जरा नाक घासले," मी म्हणालो.

आईने झारा खाली ठेवला आणि मला उजेडात ओढून माझेच नाक नीट न्याहाळून पाहिले!