एक गेम, चार कान

महाशिवरात्रीची जत्रा असो की मे महिन्याची सुट्टी, देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरात मुंबईची भावंडं उतरली की घरं भरतात. दुपारी ऊन चढलं की किनारा ओस पडतो आणि पडवीत मोबाइल बाहेर निघतात. खेळणारा एक, बघणारे चार. ‘बीजीएमआय’मध्ये शत्रूची पावलं कुठल्या बाजूला वाजतात यावर डाव फिरतो, म्हणून खेळणारा इअरफोन लावतो आणि बाकीच्यांच्या वाट्याला मुका पडदा येतो. खरं तर आवाज वाटून घ्यायला मार्ग आहेत, काही अगदी स्वस्तातले. आड येतात ते त्यांच्याबद्दलचे गैरसमज.

एक बड तुला, एक मला, हा सगळ्यांत जुना तोडगा. यात दोघांना तोच आवाज मिळतो, असं बहुतेकांना वाटतं. मिळत नाही. स्टिरिओ आवाजात डावा आणि उजवा असे दोन वेगळे प्रवाह असतात. डावा बड घेतलेल्याला उजवीकडची पावलं पुसट ऐकू येतात, कधी येतच नाहीत. दिशा तर दोघांनाही कळत नाही, कारण दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या आवाजातला वेळेचा आणि तीव्रतेचा फरक ताडूनच मेंदू दिशा ओळखतो. एकच कान चालू असेल तर ताडायचं कशाशी? अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाची सोय असते. ती चालू केली की दोन्ही प्रवाह एकत्र होऊन प्रत्येक बडमध्ये पूर्ण आवाज येतो. गोष्टीचा खेळ सोबतीने अनुभवायला हे उत्तम. चुरशीच्या सामन्यात मात्र दिशा हवी असते, आणि मोनोमध्ये ती उरत नाही.

मग येतो स्प्लिटर, एका छिद्राची दोन करणारी छोटी वायर. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी दोन आळ्यांकडे वळवलं की प्रत्येकाला निम्मं मिळतं, तसा स्प्लिटरने आवाजही निम्मा होतो, असा पक्का समज आहे. विजेचं गणित तसं चालत नाही. दोन्ही हेडफोन समांतर जोडले जातात, म्हणून दोघांना सारखाच व्होल्टेज मिळतो. 32 ओहमचे दोन हेडफोन लावले की फोनला 16 ओहमचा भार जाणवतो आणि त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. बऱ्या फोनला ते जमतं, आवाज किंचितच उतरतो. समजा हेडफोनची शक्ती अगदी निम्मी झाली, तरी फरक 3 डेसिबलचा. कानाला आवाज ‘निम्मा’ वाटायला तो साधारण 10 डेसिबलनी उतरावा लागतो. खरी पंचाईत होते ती दोन वेगळ्या जातींचे हेडफोन जोडले की. एकाच्या कानठळ्या बसतात आणि दुसऱ्याला धड ऐकू येत नाही. म्हणून हेडफोन सारखे घ्यावेत, नाहीतर दोन बाजूंना वेगळा व्हॉल्यूम असलेला स्प्लिटर घ्यावा.

दुकानात दिसायला सारखे दोन प्रकार मिळतात, हेही लक्षात ठेवायला हवं. एक दोन हेडफोनसाठी असतो. दुसरा हेडसेटचा माइक आणि हेडफोन वेगळे करतो. त्याच्या माइकच्या छिद्रात दुसरा हेडफोन खोचला तर काहीच ऐकू येत नाही आणि बिचारा हेडफोन बिघडलेला ठरतो.

दोघांनी मिळून ऐकण्याची कल्पना काही आजची नाही. 1979 मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन छिद्रं होती. माणसं एकेकटी ऐकत बसली तर ते उद्धटपणाचं दिसेल, ही सोनीच्या अकिओ मोरिता यांची काळजी होती. मुका पडदा बघणारी पोरं पाहिली की ती काळजी पटते.

पिन खोचली की स्पीकर बंद पडणारच, हा समज ट्रान्झिस्टरच्या काळातला. तेव्हा पिन छिद्रातली धातूची पट्टी सरकवून स्पीकरचं सर्किटच तोडत असे. आज तो निर्णय बहुतेक सॉफ्टवेअर घेतं. प्लेस्टेशन 4 आणि 5 मध्ये हेडफोनकडे सगळा आवाज पाठवायचा की फक्त गप्पांचा, हे निवडता येतं. गप्पांचा निवडला तर खेळाचा आवाज टीव्हीवर राहतो आणि सगळ्या घराला ऐकू येतो. त्यात एकच अडचण: टीव्हीचा आवाज खेळणाऱ्याच्या उघड्या माइकमध्ये शिरतो आणि पलीकडच्या साथीदारांना प्रतिध्वनी ऐकू येतो. स्वतः बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवणं हाच त्यावर साधा उपाय.

सर्वांत जास्त गोंधळ ब्लूटूथचा. खोक्यावर ‘ब्लूटूथ 5’ लिहिलं आहे म्हणजे दोन हेडफोन एकत्र चालतील, असं गृहीत धरलं जातं. या आकड्यावरून तसं काही ठरत नाही. सोय फोन बनवणाऱ्याने द्यावी लागते: सॅमसंगने ती 2017 च्या गॅलेक्सी एस 8 मध्ये दिली, अ‍ॅपलने 2019 मध्ये आयओएस 13 सोबत, तीही ठरावीक हेडफोनपुरती. निन्टेन्डो स्विचला ब्लूटूथ आवाज मिळाला सप्टेंबर 2021 मध्ये, पण एका वेळी एकाच हेडफोनला. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त मागे राहतो. बघणाऱ्याला ते खपतं, खेळणाऱ्याला नाही. म्हणून खेळणाऱ्याने वायरचा हेडफोन वापरावा.

ऑराकास्ट नावाचं तंत्र 2022 मध्ये जाहीर झालं, ते मात्र मुळातच वाटून ऐकण्यासाठी आहे. एक यंत्र आवाज प्रक्षेपित करतं आणि आसपासचे कितीही श्रोते तो पकडू शकतात. 2023 पासून ही सोय असलेली श्रवणयंत्रंही येऊ लागली आहेत, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनाही नातवाचा डाव थेट कानात ऐकता येईल. त्यासाठी पाठवणारं आणि ऐकणारं, दोन्ही यंत्रं त्या जातीची लागतात. तेव्हा खरेदीला देवगडला जा की कणकवलीला, खोक्यावर ब्लूटूथचा आकडा बघण्यापेक्षा ‘ऑराकास्ट’ हे नाव शोधावं.