कराडला न कचरलेल्या दुर्गाबाई

वडूजच्या कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन मोर्चा गेला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. बेचाळीसची ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. पण याच सातारा जिल्ह्यात, कराडला, डिसेंबर १९७५ मध्ये घडलं ते कुणी फारसं सांगत नाही. ते सांगायला हवं.

तेव्हा आणीबाणी होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधी पुढारी मिसाखाली गजाआड. कराडच्या साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. बेचाळीसला भूमिगत राहून लढलेले, त्यापायी तुरुंगात गेलेले यशवंतराव आता इंदिरा गांधींचे परराष्ट्रमंत्री होते. आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. ‘ऋतुचक्र’मध्ये झाडापानांचे बारा महिने टिपणाऱ्या, लोककथांच्या अभ्यासक, वयाच्या पासष्टीतल्या बाई. पाठीशी ना पक्ष, ना संघटना.

सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेत आजारी पडले होते आणि सुटकेनंतर मुंबईत जसलोकमध्ये उपचार घेत होते. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला उभे राहा, असं दुर्गाबाईंनी सांगितलं आणि समोरचे लोक उभे राहिले. किती साधी गोष्ट! आजारी माणसाला बरं वाटावं, एवढंच मागणं. पण ज्याचं नाव घ्यायचीही लोकांना धास्ती, त्याचं नाव त्यांनी सरकारातल्या मंत्र्यासमोर भर सभेत घेतलं. माझ्या मते मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासात याच्या तोडीचा क्षण नाही.

१९७६ मध्ये पोलिसांनी त्यांना मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून, म्हणजे त्यांच्या रोजच्या वाचनाच्या जागेवरून, अटक केली. रवानगी आर्थर रोड तुरुंगात.

तिकडे कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात नाटककार वाक्लाव हावेल यांच्याही वाट्याला कैद आली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचं निवेदन काढलं. १९७९ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची सजा झाली. आठवड्याला एकच पत्र, तेही चार पानांचं आणि फक्त घरगुती विषयांवर, अशी तुरुंगाची अट. पत्नी ओल्गाला लिहिलेल्या त्या पत्रांतूनच त्यांनी आपलं सगळं चिंतन बाहेर पोचवलं.

‘चार्टर ७७’ निघालं त्याच महिन्यात आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली. दुर्गाबाई सभांमधून आणीबाणीविरुद्ध बोलत फिरल्या. मार्चमध्ये सरकार पडलं. हावेल १९८९ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झाले. दुर्गाबाईंनी कसलंही पद घेतलं नाही. त्या पुन्हा आपल्या लेखन-वाचनाकडे वळल्या.