स्वस्त स्मार्टफोनची पारख : गुण आणि दोष

बैल विकत घेताना आपला शेतकरी त्याचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो व जू देऊन पाहतो. नुसत्या शिंगांच्या रंगावर तो भुलत नाही. परंतु स्मार्टफोन घेतेवेळी मात्र तोच शेतकरी खोक्यावरील आकड्यांवर विसंबून राहतो, असे आढळून येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाची नोंद छायाचित्रासह करावयाची असते. मुदतीत नोंद न झाल्यास नुकसानभरपाई, पीकविमा व हमीभावाची खरेदी यांत अडचण उद्भवते. सबब फोन हे आता शेतीचे एक अवजारच झाले असून, अवजाराप्रमाणेच त्याची पारख झाली पाहिजे. येथे साधारणतः दहा हजार रुपयांच्या आतील फोनचा विचार केला आहे.

गुण

या किमतीतील फोनची बॅटरी बहुधा ५,००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेची असते व बेताच्या वापरास ती दिवसभर सहज पुरते. जीपीएसमुळे शेताचे स्थान कळते. ही यंत्रणा उपग्रहांकडून संकेत घेत असल्यामुळे स्थान निश्चित होण्यास मोबाईलची रेंज असलीच पाहिजे असे नाही. मात्र दाट झाडीखाली वा छपराखाली वेळ लागतो. ५-जी नाही म्हणूनही काम अडत नाही. हवामानाचा अंदाज व बाजारभाव पाहणे, छायाचित्र पाठविणे ही कामे ४-जी वर व्यवस्थित होतात.

दोष

फोनचे दोष दोन प्रकारचे असतात : काही सोसण्याजोगे, तर काही नंतर कशानेही न सुधारणारे. चार्जिंगचा संथपणा हा पहिल्या प्रकारचा दोष होय. वरील क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. १० वॅटच्या चार्जरने ती भरण्यास दोन ते तीन तास लागतात. विजेच्या वेळा पाहून चार्जिंग केल्यास हा दोष निभावून नेता येतो.

रॅम कमी असणे हा मात्र दुसऱ्या प्रकारचा दोष होय. रॅम म्हणजे खळे आणि साठवण म्हणजे कणगी असे समजावे. खळे लहान असेल तर कणगी कितीही मोठी असली तरी मळणी रखडते. काही खोक्यांवर ४ जीबी रॅम असताना ‘८ जीबी’ असे ठळक छापलेले असते. त्यांपैकी ४ जीबी साठवणीतून उसनी घेतलेली असते. कणगीचा कोपरा रिकामा करून तेथे मळणी करण्यासारखाच हा प्रकार असून, त्यायोगे खऱ्या रॅमचा वेग मिळत नाही.

नमुन्यादाखल नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,४९९ रुपयांस बाजारात आलेला जिओफोन नेक्स्ट घेऊ. मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय व काढता येणारी बॅटरी हे त्याचे गुण उपयुक्त होते. परंतु रॅम २ जीबी व साठवण ३२ जीबी इतकीच होती. साठवणीचा बराच भाग मूळ प्रणालीच व्यापते आणि उरलेली जागा छायाचित्रे व चित्रफितींनी लवकर भरते. म्हणून आज नवा फोन घेताना खरी रॅम ४ जीबी व साठवण ६४ जीबी यांहून कमी नसावी.

सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार हेही विचारून घ्यावे. त्या थांबल्यावर फोन चालू राहतो, परंतु त्यावरील बँकेचे व्यवहार उत्तरोत्तर असुरक्षित होतात.

दुकानात करावयाच्या परीक्षा

१. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल बरोबर न्यावे व वीतभर अंतरावरून त्याचे छायाचित्र घ्यावे. बारीक अक्षरे वाचता आली पाहिजेत. ज्या कॅमेऱ्याचा फोकस जागच्या जागी कायम असतो, त्यात जवळची वस्तू पुसट येते. अशा छायाचित्रावरून मिलिमीटरभर लांबीचे फुलकिडे ओळखता येणार नाहीत. केवळ मेगापिक्सेलचा आकडा मोठा असल्याने ही उणीव भरून निघत नाही.

२. फोन उन्हात नेऊन पडद्यावरील मजकूर वाचून पाहावा.

३. मोकळ्या जागी नकाशा उघडून, आपण उभे आहो तीच जागा दिसते की नाही ते पाहावे.

४. वापरलेला फोन घेत असल्यास *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय क्रमांक पाहावा. ‘केवायएम’ ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून, पुढे तो क्रमांक लिहावा व संदेश १४४२२ या क्रमांकास पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असल्यास त्यावरून कळून येते. पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पीक पाहणीच्या मुदतीपूर्वीच गावातील फोनची अशी तपासणी करून घ्यावी. साठवण भरलेली असल्यास नको असलेल्या चित्रफिती काढून टाकण्यास सांगावे. ज्यांचा फोन काम देणार नाही, त्यांच्या नोंदीसाठी शेजाऱ्याच्या फोनची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी. शेतकरी बंधूंनीही फोन बांधावर उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. एवढी दक्षता घेतल्यास थोड्या किमतीचा फोनही शेतीच्या कामास पुरेसा पडेल.