एका गाडीचे चार गिअरबॉक्स

भारतात मध्यम आकाराच्या एसयूव्हीचे इंजिन केवढे असावे, हे गेली काही वर्षे अभियंत्यांइतकेच करखात्यानेही ठरवले आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या रचनेत चार मीटरपेक्षा लांब गाडीचे इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर २८ टक्के कर आणि वर १७ टक्के उपकर पडे. इंजिन त्या रेषेपलीकडे गेले आणि गाडीचे पोट जमिनीपासून १७० मिलीमीटर किंवा अधिक उंच असले, की ती एसयूव्ही ठरून उपकर २२ टक्क्यांवर जाई. सीसी म्हणजे इंजिनाच्या सर्व सिलिंडरांतले दट्टे एका फेरीत जेवढी जागा व्यापतात तिचे घन सेंटिमीटरांतले माप. ह्युंदाईची क्रेटा जुलै २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात १५९१ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि १३९६ व १५८२ सीसीची डिझेल इंजिने होती. मार्च २०२० मध्ये दुसरी पिढी आली, ती मात्र झाडून सगळी १५०० च्या आत, आणि याला निव्वळ योगायोग म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, रेषेच्या दोन्ही बाजूंना सरसकट ४० टक्के कर लागू झाला, तरीही दीड लिटरची सवय लगेच सुटेल असे दिसत नाही, कारण एकदा उभारलेली इंजिनांची कारखानदारी अर्थसंकल्पाच्या वेगाने बदलत नसते.

आकाराचे थोडक्यात सांगायचे तर २०२४ च्या क्रेटाची लांबी ४३३० मिलीमीटर, पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २६१० मिलीमीटर आणि सामानाची जागा ४३३ लिटर आहे. याच कुळातली व्हेन्यू ३९९५ मिलीमीटरवर थांबते आणि चार मीटरच्या करसवलतीत बसते, तर अल्काझारमध्ये तोच सांगाडा लांबवून व्हीलबेस २७६० मिलीमीटर केला आहे आणि त्यात आसनांची तिसरी रांग बसवली आहे. ही सर्व मंडळी क्रॉसओव्हर आहेत, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या चासीवर बॉडी न ठेवता मोटारीसारखा एकसंध सांगाडाच उंच करून बांधलेली. भारतात क्रेटाची फक्त पुढची चाके ओढतात, त्यामुळे रुबाब एसयूव्हीचा असला तरी शेतातल्या चिखलात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

इंजिने तीन आहेत आणि कागदावर ती फसवी वाटतात. १४९७ सीसीचे साधे पेट्रोल इंजिन ११५ अश्वशक्ती देते आणि १४९३ सीसीचे डिझेल ११६. एका अश्वशक्तीचा फरक पाहून दोन्ही सारखीच समजणारा ग्राहक पहिल्याच चढावर चकित होतो. अश्वशक्ती म्हणजे काम उरकण्याचा वेग, तर टॉर्क म्हणजे आस फिरवण्याचा जोर, म्हणजेच बोलीभाषेतली गाडीची ओढ. साध्या पेट्रोलचा १४४ न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर मिळतो, तर डिझेल आपला २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क १५०० फेऱ्यांवरच हजर करते. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. तो डिझेलला आहेच, आणि १४८२ सीसीच्या दुसऱ्या पेट्रोल इंजिनालाही लावलेला असल्याने त्यातून १६० अश्वशक्ती आणि १५०० ते ३५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात २५३ न्यूटन-मीटर निघतात. तरीही गाडीचा स्वभाव इंजिनापेक्षा गिअरबॉक्सवरून अधिक नेमका ओळखता येतो, आणि ग्राहकाने पेट्रोल की डिझेल या वादाआधी गिअरबॉक्सचा निकाल लावावा, असे ठामपणे म्हणता येते. क्रेटा याचे उत्तम उदाहरण आहे, कारण जगात प्रचलित असलेले गिअरबॉक्सचे चार मुख्य प्रकार या एकाच गाडीत मिळतात: सहा गिअरांचा मॅन्युअल, डिझेलसाठी सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलसाठी आयव्हीटी आणि टर्बो पेट्रोलसाठी सात गिअरांचा ड्युअल क्लच.

यांतील टॉर्क कन्व्हर्टर मुळात मोटारीसाठी जन्मलाच नाही. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटिन येथील जहाजबांधणीच्या गोदीत काम करीत असताना, भरधाव फिरणारी वाफेची टर्बाइन आणि हळू फिरणारा जहाजाचा पंखा यांची गाठ घालण्याच्या खटपटीत त्याने १९०५ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. तेलाने भरलेल्या बंद डब्यात पात्यांची दोन चाके समोरासमोर असतात. इंजिन एक चाक फिरवते, त्याने उडवलेले तेल दुसऱ्यावर आदळते आणि ते गिअरबॉक्सला फिरवते. दोहोंच्या मध्ये असलेले तिसरे छोटे चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पुन्हा कामाला लावते, आणि त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क सुमारे दुपटीपर्यंत वाढतो. इंजिन आणि चाके यांच्यात त्या क्षणी घट्ट सांधा नसतो, म्हणून गचका नाही आणि झिजणारी चकतीही नाही; किंमत मोजावी लागते ती तेल घुसळण्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेची, आणि ती वाचवण्यासाठी वेग आल्यावर दोन्ही चाके एका क्लचने जखडली जातात.

आयव्हीटी हे ह्युंदाईने आपल्या सीव्हीटीला दिलेले नाव. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतातच. दोन शंकूंच्या जोडीतून बनलेल्या दोन पुल्या असतात, शंकू जवळ सरकले की त्यांच्यामधला पट्टा वर चढतो, दूर गेले की खाली उतरतो, आणि गुणोत्तर अखंड बदलत राहते. ही कल्पना रस्त्यावर आणली ती हॉलंडच्या हुब व्हान डोर्ने याच्या डाफ कंपनीने, १९५८ साली. त्या गाडीत रबरी पट्टे होते आणि रचनाच अशी, की गाडी पुढे जेवढ्या वेगाने जाई तेवढ्याच वेगाने मागेही जाऊ शके, ज्याचा फायदा घेऊन डच लोकांनी पुढे चक्क रिव्हर्समधल्या शर्यती भरवल्या. आजच्या आयव्हीटीत रबराच्या जागी पोलादी साखळी आहे. १४४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हा जोडीदार शोभतो, कारण जोर ज्या फेऱ्यांवर आहे तिथेच तो इंजिनाला धरून ठेवतो. मात्र चढावर पाय दाबला की आवाज लग्नाच्या मांडवामागच्या जनरेटरसारखा एकसुरी चढून बसतो आणि वेग सावकाश मागून येतो. शहरात रोज तासभर रांगेत काढणाऱ्याला यापरता सुखाचा गिअरबॉक्स नाही, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावे.

ड्युअल क्लचची कुळकथा याहून रंगतदार आहे. तिचा आद्य प्रवर्तक आदोल्फ केग्रेस हा फ्रेंच माणूस एके काळी रशियाच्या झार दुसऱ्या निकोलसच्या मोटारखान्याचा प्रमुख होता, आणि बर्फात चालावी म्हणून त्याने झारच्या गाडीला मागे चाकांऐवजी पट्टे बसवले होते. दोन क्लचांची त्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मांडली गेली, १९८० च्या दशकात पोर्शने ती शर्यतीत उतरवली आणि २००३ मध्ये ती फोक्सवॅगन गोल्फमधून सामान्य ग्राहकापर्यंत आली. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ हे गिअर असतात. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा जोडून तयार ठेवलेला असतो, आणि बदल म्हणजे केवळ एक क्लच सोडून दुसरा धरणे. क्रेटाच्या पेटीत या चकत्या कोरड्या आहेत, तेलात बुडालेल्या नाहीत, आणि नेमके हेच घाटात लक्षात ठेवावे लागते.

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट सुटीच्या दिवशी पाहावा. पुढे एसटी, तिच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर, वळणावर रांग थबकते आणि हातभर पुढे सरकून पुन्हा थांबते. मॅन्युअल गाडीत अशा वेळी हाफ क्लचवर डावा गुडघा भरून येतो आणि थोड्या वेळाने जळक्या चकतीचा वास येऊ लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण तेलात होते, उष्णता तेल उचलते आणि कूलरमध्ये सोडून देते. सीव्हीटीलाही सुरुवातीला सहसा अशाच कन्व्हर्टरची मदत दिलेली असते. कोरड्या ड्युअल क्लचमध्ये मात्र चकत्याच घासतात आणि उष्णता त्यांच्यातच साठते, म्हणून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे टाळावे, ब्रेकवर उभे राहावे आणि पुढे गाडीभर जागा झाली की एकदाच, निश्चयाने निघावे. डिझेलच्या २५० न्यूटन-मीटरशी टॉर्क कन्व्हर्टरची जोडी जुळवणाऱ्याला भारतीय रस्ते ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

ॲव्हरेजचे अधिकृत आकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या मोजणीचे म्हणून सांगितले जातात, आणि तेही गिअरबॉक्सचीच गोष्ट सांगतात. डिझेल मॅन्युअल लिटरला २१.८ किलोमीटर, तर तेच इंजिन टॉर्क कन्व्हर्टरसह १९.१, साधे पेट्रोल मॅन्युअल १७.४ आणि आयव्हीटी १७.७, टर्बो पेट्रोल ड्युअल क्लचसह १८.४. म्हणजे एका ठिकाणी ऑटोमॅटिकच्या सोयीपायी २.७ किलोमीटर गेले, तर दुसऱ्या ठिकाणी सोयीबरोबर किंचित फायदाही झाला. ही मोजणी प्रयोगशाळेतल्या फिरत्या रुळांवरची असते, तिथे पसरणी नसतो, हे सांगायला नको.

घाट उतरतानाची परीक्षा वेगळी असते आणि शोरूममध्ये तिची कोणी चौकशी करीत नाही. मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी रोखून धरते. ड्युअल क्लचमध्येही हाताने गिअर उतरवून जवळपास तसाच रोध मिळतो. आयव्हीटीत आपणहून मिळणारा रोध कमी भासतो, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये कृत्रिम पायऱ्यांपैकी खालची निवडावी लागते, नाहीतर ब्रेक तापतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या इलेक्ट्रिक क्रेटाने, जी ४२ आणि ५१.४ किलोवॉट-तासांच्या दोन बॅटऱ्यांसह मिळते, हा सारा प्रपंचच गुंडाळला आहे: तिला एकच गुणोत्तर, क्लच नाही, आणि उतारावर मोटर जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरते. मात्र बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर त्या विजेला जागा नसते आणि रोध मंदावतो. तेव्हा पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जर लावून सकाळी घाट उतरणाऱ्याने बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे.