पुरावा सापडला, आता द्यायचा कोणाला?

वेंधळ्या गुप्तहेराच्या विनोदी कथेचा एक ठरलेला साचा आहे. नायक भलतेच दार उघडतो, भलत्याच माणसाचा पाठलाग करतो, पुराव्यावरच पाय पडून घसरतो आणि तरीही निव्वळ नशिबाच्या जोरावर शेवटी गुन्हेगार त्याच्या हाती लागतो. मग पोलीस येतात, बेड्या पडतात आणि दोन तास विस्कटलेली घडी पुन्हा नीट बसते. राज कपूर आणि राजेंद्र कुमार यांचा ‘दो जासूस’ (१९७५) किंवा राज कपूर यांचाच ‘गोपीचंद जासूस’ (१९८२) हे हिंदी चित्रपट नावापासूनच या परंपरेशी नाते सांगतात. १२ ऑगस्ट १९८३ रोजी प्रदर्शित झालेल्या, कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारों’ने मात्र हा साचा उलटा करून ठेवला. त्यातले दोघे शोधक धांदरट असले तरी शोधाच्या कामात ते सहसा चुकत नाहीत. खून कोणी केला हे त्यांना कळते, छायाचित्र मिळते, प्रेतही सापडते. अडचण एवढीच की हा सगळा पुरावा नेऊन द्यावा असा माणूस त्या शहरात शिल्लक नाही.

विनोद चोप्रा (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर मिश्रा (रवी बासवानी) हे पेशाने गुप्तहेर नाहीत. मुंबईत त्यांनी ‘ब्यूटी फोटो स्टुडिओ’ थाटला आहे आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे ‘खबरदार’ नावाच्या नियतकालिकासाठी बिल्डर तरनेजा (पंकज कपूर) आणि महापालिका आयुक्त डिमेलो (सतीश शाह) यांची गुपचूप छायाचित्रे काढण्याचे काम ते पत्करतात. ही दोन्ही नावे चित्रपटाच्या चमूतूनच उचललेली आहेत: विधु विनोद चोप्रा निर्मितीची व्यवस्था पाहत होते, तर सुधीर मिश्रा पटकथेत सहभागी होते. अशा घरगुती गमती चित्रपटात जागोजागी पेरलेल्या दिसतात. दोघांचा सांकेतिक परवलीचा शब्द म्हणजे सईद मिर्झा यांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ या १९८० च्या चित्रपटाचे शीर्षक, आणि त्यात अल्बर्टची भूमिका नसीरुद्दीन यांनीच केली होती.

रहस्याची गाठ एका छायाचित्रात आहे. स्पर्धेतील बक्षिसाच्या आशेने दोघे शहरभर फिरून छायाचित्रे काढतात, आणि डार्करूममध्ये त्यांतले एक मोठे करून पाहताना बागेत कोणीतरी कोणावर तरी गोळी झाडत असल्याचे त्यांच्या ध्यानात येते. छायाचित्र मोठे करणे म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश सोडून त्याची मोठी छाया कागदावर पाडणे आणि तो कागद रसायनात बुडवून प्रतिमा उमटवणे. जितके मोठे करावे तितके कण ठळक होतात आणि तपशील विरघळू लागतो. इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अंतोनिओनी यांनी ‘ब्लो-अप’ (१९६६) हा आपला चित्रपट याच विरघळण्यावर उभा केला होता आणि डोळ्यांनी पाहिलेल्या सत्यावर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न त्यातून विचारला होता. कुंदन शाह यांनी बागेला ‘अंतोनिओनी पार्क’ असे नाव देऊन हे ऋण उघडपणे मान्य केले. परंतु त्यांच्या डार्करूममध्ये प्रतिमा विरघळत नाही, उलट खुनी तरनेजा असल्याचे लख्ख दिसते. युरोपातील छायाचित्रकाराला सत्य असते का, याची शंका छळते. मुंबईतील दोघांना सत्य असून काय उपयोग, एवढेच शिकायचे आहे.

या शिक्षणाचे साधन म्हणजे डिमेलोचे प्रेत. जिवंतपणी आयुक्तसाहेब अमेरिकेच्या वारीने भारावलेले असतात आणि केक थोडा खाऊन उरलेला फेकून देणे ही पुढारलेल्या देशाची रीत असल्याचे हौसेने करून दाखवतात. मेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ पुलाचे उद्घाटन होते आणि भाषणात त्यांच्या गटारप्रेमाचे गुणगान केले जाते. ज्याने मारले तोच कंत्राटदार त्या वेळी मंचावर असतो, आणि बागेत सापडलेल्या सोन्याच्या कफलिंकचा, म्हणजे शर्टाच्या बाहीला लावायच्या बटणाचा, जोडीदार तिथेच मिळतो. त्यानंतर प्रेताला जी मागणी येते तिचा खुनाच्या न्यायाशी काहीही संबंध नसतो. दुसरा बिल्डर आहुजा (ओम पुरी) याला तरनेजाला कोंडीत पकडायला ते हवे असते, तर ‘खबरदार’च्या संपादिका शोभा सेन यांना त्याच्याकडून पैसे उकळायला. ज्याला प्रेक्षक पुरावा समजतो, ते या मंडळींच्या लेखी भांडवल असते. दारूच्या नशेत आहुजा शवपेटीला बंद पडलेली मोटार आणि आतल्या प्रेताला तिचा चालक समजतो व मोठ्या सहृदयतेने ती आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो, हा प्रसंग म्हणूनच नुसता वात्रटपणा राहत नाही. मृताशी आपुलकीने बोलणारा माणूस या कथेत तेवढाच सापडतो, आणि तोही शुद्धीवर नसताना.

शोभा सेनची भूमिका भक्ती बर्वे यांना देण्यात मोठे चातुर्य होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील मंजुळेमुळे आणि दूरदर्शनवरील वृत्तनिवेदनामुळे मराठी प्रेक्षकाचा त्यांच्या आवाजावर आधीच विश्वास बसलेला होता. तोच स्वच्छ, गोड आवाज सत्याची भाषा बोलतो आणि तोच सौदा करतो. मराठी समीक्षेने या भूमिकेची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

सर्वांत गाजलेला प्रसंग अर्थात महाभारताचा. पाठलागातून प्रेतासह निसटलेले दोघे एका नाटकाच्या रंगमंचावर पोहोचतात, प्रेत द्रौपदीच्या लुगड्यात जाते, काळा चष्मा लावलेला आहुजा भीम होऊन येतो, आणि दुर्योधनाच्या वेषातील विनोद द्रौपदीचे सतीत्व पाहून वस्त्रहरणाचा बेतच रद्द झाल्याचे जाहीर करतो. आंधळा धृतराष्ट्र बिचारा काय चालले आहे म्हणून विचारत राहतो, तोवर सलीम-अनारकलीच्या नाटकातील अकबरही तिथे अवतरतो. मराठी प्रेक्षकाला इथे गंगाराम गवाणकर यांचे मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ (१९८०) आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्हींत पौराणिक नाटकाची फजिती आहे, पण जात वेगळी. गवाणकरांच्या गावकऱ्यांना नाटक मनापासून करायचे असते आणि ते जमत नाही. चित्रपटातील मंडळींना नाटकाशी देणेघेणे नसते, तरी पुराणातल्या भूमिका त्यांच्या अंगाला बेमालूम बसतात. मृत्यू आणि भ्रष्टाचार यांनाच हास्याचा विषय करणाऱ्या विनोदाला ‘काळा विनोद’ म्हणतात. हिंदी चित्रपटात तो आधी क्वचितच दिसला होता.

हे धाडस शक्य झाले ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर. व्यापारी गणितापासून दूर राहणाऱ्या, ‘समांतर’ म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांना ही सरकारी संस्था अर्थसाहाय्य देत असे. ‘जाने भी दो यारों’चा सगळा खर्च सुमारे ७ लाख रुपये होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील तरुणांनी तो मिळून तडीस नेला: बिनोद प्रधान कॅमेऱ्यामागे, रेणू सलुजा संकलनाला, रणजीत कपूर आणि सतीश कौशिक संवादांना. संगीत वनराज भाटिया यांचे होते. ‘डिस्को किलर’ नावाच्या मारेकऱ्याच्या भूमिकेतील अनुपम खेर तर संकलनाच्या टेबलावर पूर्णपणे कापले गेले. चित्रपटातील बिल्डर-अधिकारी युतीही हवेतून आलेली नव्हती. सिमेंट त्या काळी टंचाईची आणि परवान्याची वस्तू होती, आणि सिमेंट वाटपाच्या प्रकरणातील उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता.

कुंदन शाह यांना पदार्पणातील दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रवी बासवानी यांना विनोदी अभिनेत्याचे फिल्मफेअर. चित्रपटगृहात फारशी गर्दी झाली नाही. लोकप्रियता आली ती पुढे, मुख्यतः दूरदर्शनच्या पडद्यावरून, आणि २०१२ मध्ये नव्याने स्वच्छ केलेली प्रत चित्रपटगृहांत लागली तेव्हा पाहणाऱ्यांत मूळ प्रदर्शनानंतर जन्मलेले प्रेक्षकही होते.

पोलीस या चित्रपटातही शेवटी येतात, परंतु तोवर तरनेजा, आहुजा, शोभा आणि नवा आयुक्त यांचा आपसांत समझोता झालेला असतो आणि कोसळलेल्या पुलाचा ठपका दोघा छायाचित्रकारांवर ठेवला जातो. अखेरच्या दृश्यात कैद्यांच्या कपड्यांत ते मुंबईच्या रस्त्याने चालत येतात, पार्श्वभूमीला ‘हम होंगे कामयाब’चे सूर असतात, आणि कॅमेऱ्याकडे पाहून दोघे गळ्यावरून हात फिरवतात. ती खूण प्रेक्षकाला उद्देशून आहे. सगळा पुरावा डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यात वाटा न मागितलेले तेवढेच लोक तोपर्यंत उरलेले असतात.