डिपॉझिट भरण्याआधी विचारा

रात्रपाळीची गोष्ट. आम्ही तेव्हा शहरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स होतो. पहाटे दोनच्या सुमारास रंगकाम करणारा एक माणूस छातीत कळ येऊन दाखल झाला. काउंटरवर त्याच्या बायकोला पन्नास हजार डिपॉझिट सांगितले. तिने कानातले काढून दिराच्या हातात दिले. सकाळी ते सोनाराकडे गहाण पडले. अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. चौथ्या दिवशी बिलाच्या वेळी तिने पिशवीतले कागद काढले, तेव्हा आधार कार्डाखाली केशरी रेशनकार्ड निघाले. दवाखाना महात्मा फुले योजनेत होता. आरोग्यमित्राचे टेबल काउंटरपासून वीस पावलांवर होते.

“सिस्टर, हे आधी का नाही सांगितलं?” ती एवढेच म्हणाली.

आम्हाला माहीत होते. पण नातेवाइकांनी विचारल्याशिवाय योजनेचे नाव काढायचे नाही, असा तिथला रिवाज होता आणि आम्हीही तो पाळला. पुढे नोकरी सोडून वस्तीत काम सुरू केले, त्यामागे ते कानातलेही आहेत. त्या रात्री तिला जे सांगायला हवे होते, ते आज इथे सांगतो.

आधी सरकारी दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळे यात आले. केसपेपरचे पैसेही नाहीत.

मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि महापालिकेचे दवाखाने या निर्णयात नाहीत. मोठ्या शहरातल्या वस्तीला जवळचा दवाखाना बहुतेक वेळा महापालिकेचाच असतो. म्हणजे ज्यांच्यासाठी निर्णय झाला, त्यातली पुष्कळ माणसे त्याच्या बाहेर राहिली. ही मागणी नगरसेवकांपुढे ठेवण्यासारखी आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ही सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पूर्वी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत, आता पाच लाखांपर्यंत मिळतात. १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे, कोणतेही रेशनकार्ड चालते.

यात प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर सरकारने आधीच ठरवलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. खाट, औषधे, तपासण्या, जेवण, घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी हे सगळे त्यात येते. यादीतल्या उपचारासाठी रुग्णाकडून वर पैसे घ्यायचे नाहीत. खर्चाला लगाम घालण्याचा हा सरकारचा मार्ग.

ओढाताणही इथेच होते. दवाखाने म्हणतात, दर कमी आहेत आणि पैसे उशिरा मिळतात. मग काउंटरवर उत्तर मिळते, “योजनेचा बेड शिल्लक नाही” किंवा “हा आजार बसत नाही.” कधी ते खरेही असते. साधा ताप, ओपीडीचे औषधपाणी योजनेत नाही. पण ते ठरवणे काउंटरवरच्या माणसाचे काम नाही. आरोग्यमित्राला भेटा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. १५५३८८ हा मोफत नंबर तिथेच उभे राहून लावा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे, म्हणून कागदासाठी उपचार थांबू देऊ नका.

धर्मादाय म्हणजे दया नव्हे

अनेक मोठी, चकाचक रुग्णालये धर्मादाय ट्रस्टची आहेत. ट्रस्ट म्हणून त्यांना सवलती मिळतात, त्याबदल्यात कायद्याच्या कलम ४१ कक नुसार गरिबांसाठी खाटा ठेवाव्या लागतात. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यासाठी योजना घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. शिवाय इतर रुग्णांच्या बिलाच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत जमा करायची. सध्या निर्धनसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आहे आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार.

तातडीच्या वेळी अशा रुग्णाला लगेच दाखल करून, तो धोक्याबाहेर येईपर्यंत उपचार द्यायचे आणि डिपॉझिट मागायचे नाही, असे ही योजना सांगते. काउंटरवर विचारा, “हे रुग्णालय धर्मादाय आहे का? समाजसेवा अधिकारी कुठे बसतात?” दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा.

साध्या खासगी दवाखान्यात

यातले काहीच नसेल तरी एक हक्क राहतो. जानेवारी २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार प्रत्येक खासगी दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावली पाहिजे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

पण दर लावणे वेगळे आणि दर बांधणे वेगळे. खाटेला किती घ्यायचे हे आजही दवाखानाच ठरवतो. सरकारला दर बांधता येत नाहीत असे नाही. करोनात, मे २०२० मध्ये, राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते. साधा वॉर्ड दिवसाला चार हजार, आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. २०१७ मध्ये केंद्राने हृदयातल्या स्टेंटची किंमत बांधली, तेव्हा लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. साथीत जे जमले ते एरवीही जमू शकते. गरिबाच्या घरी आजारपण हीच रोजची साथ आहे.

आजच करायचे काम

दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर कागद शोधायला वेळ नसतो. म्हणून एक प्लास्टिकची पिशवी करा. रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डे, आयुष्मान कार्ड काढले असेल तर ते, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्याची मुदत तपासा, संपली असेल तर सेतू केंद्रात नवा काढा. पिशवी कुठे ठेवली आहे हे घरातल्या मोठ्या मुलामुलीलाही माहीत हवे.

आणि रेशनकार्ड उघडून नावे वाचा. आमच्या पाहण्यात सर्वात जास्त केस इथे अडतात. मुलाचे लग्न होऊन चार वर्षे झाली तरी सुनेचे नाव चढवलेले नसते. मग तिच्या ऑपरेशनच्या दिवशी धावपळ होते. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सगळ्यांनी आपापली कार्डे काढून बसा. लिहिता-वाचता येणारी दोन मुले सोबत घ्या. ज्या घरात नाव राहिले असेल, त्यांची यादी करा आणि सोमवारी सगळे मिळून रेशन कार्यालयात जा.